डंपिंगवरचं मातीकाम: मिरगापासून मागे मोजा

डंपिंगवरच्या (कचरा डेपोवरच्या) मातीकामाचं वेळापत्रक करायला बसलात की कागदावर पहिली तारीख ७ जून घाला. मिरग. तिच्या वर १५ मे लिहा आणि त्या दिवसानंतर ढिगाच्या उतारावर मोठं मशीन चढणार नाही असं ठरवून टाका. मग मागे मोजत या: एप्रिल, शिमगा, संक्रांत, दसरा. मी पाहिलेले डंपिंगवरचे वाईट प्रसंग जवळजवळ सगळे मे अखेरचे आहेत. बिल अडकलेलं असतं म्हणून डंपर उशिरा आलेले असतात, मजुरांना गावाकडे पेरणीला जायचं असतं, वळवाचे ढग भरून आलेले असतात आणि ऑफिसातून दिवसाला चार फोन येतात, "कव्हर झालं का?", म्हणजे पावसाआधी कचऱ्यावर मातीचा थर टाकून झाला का. मग रात्री दिव्यावर खेपा चालतात, ओल्या उतारावर रोलर चढवला जातो, सिग्नलला उभा केलेला पोरगा माती पसरायला पाठवला जातो. एरवी पाळलेले सगळे नियम त्या पंधरवड्यात मोडतात. म्हणून माझ्या लेखी सुरक्षा म्हणजे मुख्यतः कॅलेंडर. हेल्मेट नंतर.

मी तळकोकणात मातीकामाच्या साइट सांभाळते. वडिलांची चिरेखाण होती, मालवणच्या पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि नंतर डंपिंगच्या कामांत पडले: कव्हर टाकणं, बांध घालणं, गटारं काढणं, जुना ढीग उकरून चाळणीला देणं. मुंबईसारखे कचऱ्याचे डोंगर आमच्याकडे नाहीत. आमचं डंपिंग म्हणजे सड्यावरची (जांभ्याच्या उघड्या पठारावरची) पाचदहा एकर जागा, एक गेट, एक वॉचमन, एक वजनकाटा (असलाच तर) आणि दोनतीन मजली ढीग. पण माणूस मरायला दोन मजले पुरतात. नवा सुपरवायझर, नगरपंचायतीत नुकता लागलेला ज्युनिअर इंजिनीअर, पहिल्यांदा असलं टेंडर भरलेला ठेकेदार, यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी पाण्याचा नकाशा

आपल्याकडे डंपिंगला जागा मिळते ती बहुतेक कातळावर. पडीक, वस्तीपासून लांब, वरून बघितलं तर एकदम पक्की. पण जांभा सलग नसतो. त्याला भोकं असतात, बिळं असतात, कुठे कुठे माणूस बसेल एवढी पोकळी असते. आणि जांभा संपला की खाली शेडी लागते, पांढरट-गुलाबी, बोटांना गुळगुळीत लागणारी माती. पावसाचं पाणी जांभ्यातून खाली उतरतं, शेडीवर अडतं, आडवं सरकतं आणि सड्याच्या पायथ्याला झरा होऊन बाहेर पडतं. पायथ्याच्या वाडीतल्या विहिरी याच पाण्यावर असतात. म्हणजे ढिगाचं काळं पाणी (कचऱ्यातून झिरपलेलं) मुरलं तर जाणार कुठे ते ठरलेलं आहे. आणि ढिगाचं वजन ज्या थरावर शेवटी येतं तो थर पावसाळ्यात ओला होणार हेही ठरलेलं आहे. एप्रिलमध्ये शेडीचा दहा फुटी उभा काप छान उभा राहतो, ऑपरेटर त्याच्या सावलीत डबा खातात. जुलैमध्ये तोच काप लोण्यासारखा खाली येतो. २२ जुलै २०२१ ला महाडजवळच्या तळियेत दरड कोसळून काय झालं ते कोकणात कुणाला वेगळं सांगायला नको.

कचऱ्याचे ढीगही असेच उतरतात. फिलिपिन्समध्ये मनिलाजवळ पायाटासला जुलै २००० मध्ये मोठ्या पावसानंतर ढीग घसरला आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. दिल्लीत गाझीपूरला १ सप्टेंबर २०१७ ला ढिगाचा एक भाग कालव्यात आणि रस्त्यावर कोसळला, दोघं गेले. कचरा सैल असतो, पाणी धरतो, जड होतो, आणि पाण्याने त्याची आतली पकड सुटते.

तेव्हा दिवाळीनंतर, गवत वाळायला लागलं की पूर्ण जागा पायी फिरा. हातात पहार घ्या आणि जिथे जड वाहन जाणार, जिथे काळ्या पाण्याचं तळं होणार, तिथे दर पाचसहा पावलांवर ती आपटत चला. भरीव कातळाचा आवाज कोरडा आणि आखूड येतो, पोकळीवरचा घुमतो. आमच्याकडे एक आबा आहेत, जन्म चिरेखाणीत गेलेला. पोकलेनला रस्ता आखताना ते अचानक थांबले, पहार दोनदा आपटली आणि म्हणाले, "आयक गो ताई, हय खाली पोकळ आसा." मशीन बाजूला घेतलं, ब्रेकरने टोचून बघितलं, तर खाली कमरेएवढी घळ होती. असली जागा दगडांनी भरून वर माती ठोकता येते. पण पोकळी लांब गेलेली असेल तर रस्ताच बदला, भरणीच्या नादी लागू नका.

दुसरं, गुरं चारणाऱ्यांना विचारा की आषाढात पाणी कुठून वाहतं. त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. आणि गुगल अर्थवर डिसेंबर-जानेवारीतलं जुनं चित्र काढून बघा. सगळा सडा पिवळा पडलेला असताना जिथे हिरवी रेघ उरलेली दिसते तिथे खाली ओल आहे. त्या रेघेवर बांध नको, माती काढायला खड्डा नको, मशीनचं पार्किंगही नको.

हे सगळं एका कागदावर बाणांनी काढा. बाहेरून येणारं स्वच्छ पाणी कुठे अडवून कुठे वळवायचं, ढिगावर पडलेलं पाणी कुठे उतरवायचं, काळं पाणी कुठल्या तळ्यात घ्यायचं. हे तीन प्रवाह एकमेकांना भेटता कामा नयेत. वरच्या अंगाला गटार खोदायचं म्हटलं की कातळात ब्रेकरचं भाडं वाढत जातं, म्हणून पुष्कळ ठिकाणी मी खोदण्याऐवजी उभारते: चिऱ्याचा गडगा (बुटकी दगडी भिंत) आणि त्याच्या वरच्या अंगाला ठोकून बसवलेली चिकणमाती. चिऱ्याचे तुकडे कुठल्याही खाणीवर पडून असतात. मोठं किती करायचं? एका एकरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर चार लाख लिटर पाणी होतं, म्हणजे दहा हजारी टँकर चाळीस. आणि आपल्याकडे जुलैत २४ तासांत १०० मिलिमीटर ही बातमीसुद्धा होत नाही. वरच्या अंगाला किती एकरांचं पाणी उतरतं ते मोजा आणि मग गटाराची रुंदी ठरवा. गटाराचं तोंड भरावाच्या उतारावर सोडलंत तर पहिल्याच पावसात ते भराव कापत मागे येतं. तोंडाला दगड बसवून पाणी थेट व्हाळात (ओढ्यात) सोडा. अर्थात स्वच्छ पाणीच.

हे काम नोव्हेंबर-डिसेंबरात, मातीची पहिली गाडी यायच्या आधी संपलं पाहिजे. कव्हर आधी आणि गटार मग, असा उलटा क्रम टेंडरच्या कागदात बरेचदा असतो. तो तिथेच भांडून बदलून घ्या.

मातीचा हिशोब

२०१६ च्या घनकचरा नियमांनी घालून दिलेली मापं आम्ही धरतो: रोजच्या कामानंतर निदान १० सेंटिमीटर मातीचं किंवा राडारोड्याचं कव्हर, आणि पावसाळ्याआधी ४० ते ६५ सेंटिमीटर, ठोकून, उतार देऊन. कागदावर हे आकडे साधे दिसतात. पण सड्यावर माती नसते हे मुंबईत बसून टेंडर लिहिणाऱ्याला कोण सांगणार.

ब्रासमध्ये (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) मांडून बघू. एक एकर, अर्धा मीटर जाडी: सव्वासातशे ब्रासच्या आतबाहेर ठोकलेली माती. सुटी आणताना पाव हिस्सा जास्त धरा, म्हणजे साधारण नऊशे ब्रास. हायवाला (मोठ्या डंपरला) पाच ब्रास धरले तर एकशे ऐंशी खेपा. तीन एकर उघडे असतील तर पाचशे चाळीस. आमच्या सड्यावरच्या एकेरी रस्त्याने, गेटवर नोंद करून, खाली करून, वळवून, दिवसाला वीस खेपा सुरळीत होतात. म्हणजे सत्तावीस दिवस, तेही एकही गाडी न बिघडता. मेच्या मध्यावर सुरू केलंत तर हिशोब जुळवायचा एकच मार्ग उरतो: दिवसाला चाळीस खेपा. आणि चाळीस खेपा म्हणजे त्याच रस्त्यावर, त्याच धारेवर (भरावाच्या कडेवर), त्याच सिग्नलवाल्यासमोर दुप्पट वाहनं. अपघात इथे, या गुणाकारात ठरतो.

मी तरी माती जानेवारीपासून साठवते. ढीग वाऱ्याने उडू नये म्हणून वर पाणी मारून जाळी टाकायची. गौण खनिजाचा परवाना तहसीलदार कार्यालयातून निघायला वेळ लागतो, तो अर्ज दसऱ्यालाच द्या. परवाना नसलेली माती घ्यायचा मोह मे महिन्यात होतो, कारण तेव्हा कुणीतरी रात्रीत डोंगर पोखरून द्यायला तयार असतो.

माती जिथून काढता ती जागाही तुमचीच साइट समजा. तिथे खालून पोखरून वरचं आपोआप पडू द्यायची पद्धत आहे, त्यात डिझेल वाचतं. ती बंद करा. खाणीच्या नियमांत माती-मुरमाला पायरीची उंची दीड मीटरपेक्षा जास्त नको आणि पायरी उंचीइतकी तरी रुंद हवी, असं माप आहे. ते इथेही लावा. आणि ज्या उताराच्या डोक्यावर डंपिंग आहे त्याच्या पायथ्याची माती कधीच काढू नका, मग कितीही जवळ आणि फुकट मिळत असो.

ढीग वाचणं

ढिगावर मशीन चढवण्याआधी उतार मोजा. साधं आहे. तीन मीटरचा सरळ बांबू घ्या, एक टोक उतारावर टेकवा, पाणसळ ठेवून बांबू आडवा करा, आणि दुसऱ्या टोकापासून सरळ खाली उतारापर्यंत टेप सोडा. एक मीटर किंवा कमी आलं तर उतार तीनास एक आहे, ठीक. दीड मीटर आलं तर तो उतार आधी वरून कमी करायचा, मगच त्यावर काही करायचं. खालून कापून उतार "नीट" करायला बसलेला पोकलेनवाला दिसला तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. पायथा कापला की वरचं वजन अधांतरी राहतं.

मग वरची कड बघा, सकाळी, ऊन तिरपं असताना. कडेला समांतर जाणारी भेग ही उन्हाने पडलेल्या जाळीदार भेगांपेक्षा वेगळी दिसते: लांब, एकटी, आणि एक बाजू किंचित खाली बसलेली. बोट घालून बघा, आतून ऊब किंवा वास येतो का. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक लोखंडी सळई ठोका, त्यांच्या डोक्यांवर खूण करा आणि खुणेपासून खुणेपर्यंत टेपने मोजून वहीत लिहा. संध्याकाळी परत मोजा. तेवढंच असेल तर भेग माती-पाण्याने बंद करून रोज मोजत राहा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दोन-तीन मिलिमीटरचा जरी फरक पडला तर वर-खाली सगळं काम बंद, मशीन उतारावरून बाजूला, पायथ्याला कुणी नाही. पायथ्याला फुगवटा आला असेल किंवा काळं पाणी नव्या जागेतून झिरपायला लागलं असेल तर मोजायचीही वाट बघू नका.

कव्हरची माती ठोकताना ओल बरोबर हवी. मूठभर माती घ्या, घट्ट दाबा, मूठ उघडा. गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर दोन-तीन तुकडे झाला, तर रोलर चालवा. गोळाच होत नसेल तर आदल्या संध्याकाळी पाणी मारायला हवं होतं. तळहात चकाकला तर आज रोलर नाही, पसरून वाळू द्या. माती अर्ध्या मीटरची एकदम ओतून वरून रोलर फिरवला की वरचा वीतभर थर घट्ट आणि खाली सगळं सैल राहतं, आणि पहिल्या पावसात ते कातडं सोलल्यागत उतरतं. वीतभर जाडीचे थर, प्रत्येक थराला रोलर. माथ्याला शंभरात तीन ते पाचचा उतार द्या, सपाट ठेवू नका. कचरा खाली बसतो, सपाट माथ्याचं तळं होतं.

जुना ढीग उकरताना

हल्ली जुन्या ढिगांची बायोमायनिंगची (ढीग उकरून कचरा चाळायची) कामं निघतात, त्यात उकरणं जास्त आणि धोकाही जास्त. आतला कचरा हवेशिवाय कुजलेला असतो, त्यात मिथेन साठलेला असतो. हवेत मिथेनचं प्रमाण पाच ते पंधरा टक्के झालं की ठिणगी पुरते. कुजक्या अंड्याच्या वासाचा गॅस असतो तो हायड्रोजन सल्फाइड. त्याचं विचित्र असं की प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास यायचा थांबतो. "आता वास गेला" असं कुणी खड्ड्यातून म्हणाला तर त्याला लगेच वर घ्या. हा गॅस आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही हवेपेक्षा जड, खड्ड्यात आणि चरात बसून राहतात.

चार गॅसचा मीटर भाड्यानेही मिळतो. खड्ड्यात उतरण्याआधी तो दोरीला बांधून खाली सोडा आणि तळाशी, मध्ये आणि वर असं तिन्ही ठिकाणी वाचा. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या वर, किंवा ज्वलनशील गॅसचा आकडा स्फोटमर्यादेच्या १० टक्क्यांच्या वर, यातलं एक जरी झालं तर कुणी उतरत नाही. मीटर नसेल तरीही कुणी उतरत नाही. ठेकेदार म्हणेल, "पाच मिनिटांचं काम आहे." खड्ड्यात बेशुद्ध पडलेल्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो, हे गटारसफाईच्या बातम्यांत आपण वर्षानुवर्षं वाचतो. दोर, हार्नेस, वर ओढायला दोघं, आणि आत उडी मारायची नाही ही सक्त ताकीद.

चर खोदायचाच असेल तर केंद्रीय बांधकाम खात्याच्या सुरक्षा नियमावलीतली मापं लक्षात ठेवायला सोपी आहेत. चर १.२ मीटर किंवा जास्त खोल असेल तर दर ३० मीटरला शिडी, आणि शिडीचं टोक जमिनीच्या वर ९० सेंटिमीटर. दीड मीटरपासून पुढे बाजूंना उतार द्यायचा किंवा लाकडी आधार ठोकायचा. खोदलेली माती कडेपासून दीड मीटर किंवा चराच्या निम्म्या खोलीइतकी, यातलं जे जास्त ते, लांब टाकायची. ही मापं मातीसाठी आहेत. कचऱ्यात मी चर माणूस उतरेल असा काढतच नाही, मशीनने काढून मशीननेच भरते.

धूर किंवा वाफ. जानेवारी-फेब्रुवारीत पहाटे धुकं असतं तेव्हा फसायला होतं. धुकं सगळीकडे असतं, वाफ एकाच जागेतून वर येते. तिथे कव्हर बसलेलं असेल, गवत जळाल्यासारखं पिवळं पडलेलं असेल. आत आग धुमसत असेल तर ती उकरू नका, उकरणं म्हणजे तिला हवा देणं. मशीन लांब उभं करून वरून भरपूर माती टाका आणि दाबा. पाण्याचा टँकर आधी बोलावण्याची सगळ्यांची सवय आहे, पण ते पाणी सगळं काळं होऊन तळ्यात येतं आणि आग आत तशीच राहते. उघड्यावर पेटलेलं असेल तर मात्र अग्निशमनला फोन, आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाची माणसं आधी हलवा.

मशीन, माणूस, फुरसं

जेसीबी, पोकलेन, हायवा, रोलर: चौघांना चार जागा. रस्ता असा आखा की डंपरला रिव्हर्स कमीत कमी घ्यावा लागेल. वळसा घालून जायला जागा केलीत की निम्मी भीती संपते. जिथे रिव्हर्स घ्यावाच लागतो तिथे एक सिग्नलवाला, एकच. दोघं हात करायला लागले की ड्रायव्हर कुणाचंच बघत नाही. ऑपरेटर झारखंड-बिहारचे, हेल्पर विजापूरकडचे आणि मुकादम मालवणी बोलणारा, अशा साइटवर तोंडी सूचनांचा काला होतो. म्हणून सकाळी दहा मिनिटं सगळ्यांना उभं करून हाताच्या चारच खुणा पक्क्या करून घ्या: ये, थांब, डावीकडे, उजवीकडे. थांबची खूण कुणीही केली तरी थांबायचं, मग ती वॉचमनने केलेली का असेना.

डंपर धारेवर खाली करू देऊ नका. धारेच्या आत गाडी खाली करायची आणि माती डोझरने किंवा जेसीबीने पुढे ढकलायची. धारेला मातीचा बांध हवा, सर्वांत मोठ्या गाडीच्या चाकाच्या निम्म्या उंचीचा तरी. हौदा वर असताना गाडी पुढे नेऊ नये हे प्रत्येक ड्रायव्हरला माहीत असतं आणि मागे चिकटलेली ओली माती झटकायला प्रत्येक जण पुढे नेऊन ब्रेक मारतो. खालची जमीन एका बाजूला बसलेली असेल तर गाडी आडवी होते. अशा वेळी ड्रायव्हरने उडी मारायची नाही, पट्टा लावून केबिनमध्ये स्टिअरिंग घट्ट धरून बसायचं, हे आधीच सांगून ठेवा.

वरून वीजवाहिनी जात असेल तर महावितरणला पत्र देऊन काम असेपर्यंत काय करता येईल ते ठरवा, आणि तारेच्या दोन्ही अंगांना बांबूची कमान उभी करा, जिच्याखालून हौदा वर केलेली गाडी जाऊच शकणार नाही. पोकलेनचं बूम नऊ मीटरपर्यंत वर जातं. कव्हर टाकत गेलं की ढिगाची उंची वाढते आणि गेल्या वर्षी लांब असलेली तार यंदा जवळ येते, हे लक्षात राहत नाही.

वेचणाऱ्या बायका असतात. त्यांना हाकलून काम सुरक्षित होत नाही, त्या पोकलेनच्या मागच्या बाजूने येतात. त्यांच्याशी बोलून वेळ आणि जागा ठरवून द्या: नवी गाडी दुसऱ्या टोकाला खाली करायची, त्यांनी तिथे वेचायचं, मशीन चालू असलेल्या पट्ट्यात दोरी. मला हे ठरवायला दोन चहा लागले, आणि नंतर त्यांच्यातल्याच एक मावशी बाकीच्यांना दोरीच्या आत येऊ देईनात.

माणसाच्या अंगावर काय हवं ते सगळीकडे लिहिलेलं असतं, मी दोनच गोष्टींवर अडून बसते. पोलादी तळव्याचे बूट, कारण सुया आणि काचा. आणि चिऱ्याचा ढीग, जुनी ताडपत्री, टायर हाताने उचलायचे नाहीत, आधी काठीने उलथायचे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभ्याच्या दगडाखाली फुरसं असतंच. वीतभर दिसतं म्हणून लोक दुर्लक्ष करतात. चावलं तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, पाय हलवू न देता गाडीत घालायचं. जवळच्या कुठल्या दवाखान्यात सर्पदंशाची लस आहे ते काम सुरू होण्याआधी स्वतः जाऊन विचारून या. १०८ ला फोन लावायचा तर सड्यावर रेंज कुठे येते तो दगड चुन्याने रंगवून ठेवा. धनुर्वाताचं इंजेक्शन सगळ्यांना. पावसाळ्यात उंदरांच्या मुतामुळे लेप्टो होतो, पायाला जखम असलेल्याला काळ्या पाण्यात उतरवू नका आणि ताप आला तर त्याने दवाखान्यात "मी डंपिंगवर काम करतो" असं सांगायलाच हवं.

मे महिन्याचा घाम निराळा. पारा पस्तीसच्या आसपास असतो पण दमटपणामुळे अंग गार पडत नाही. सकाळी सहा ते अकरा, मग चार ते साडेसहा. दुपारी रोलरवाला झोपेने पेंगतो, त्याला उतारावर ठेवू नका.

पाऊस लागल्यावर

१५ मेनंतर ढिगावर मोठं मशीन नाही असं मी सुरुवातीला म्हटलं, पण कचरा तर रोज येतोच. त्यासाठी पावसाळ्याचा वेगळा छोटा पट्टा आधीच तयार ठेवा: गेटजवळ, रस्त्याला लागून, खडी टाकलेला, जिथे गाडी उतारावर न चढता खाली होईल. उघडी बाजू जितकी लहान तितकं काळं पाणी कमी. रोजच्या कव्हरची माती ताडपत्रीखाली कोरडी ठेवा, नाहीतर जुलैत ती पसरतच नाही, बकेटला चिकटून राहते. काळ्या पाण्याचं तळं मे अखेरीस जमेल तेवढं रिकामं करा आणि काठाच्या खाली अर्धा मीटर खूण मारा. पाणी त्या खुणेला लागलं की पंप सुरू, कुणाला विचारत बसायचं नाही.

हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे जोरदार पाऊस, ११५.६ च्या पुढे अति जोरदार आणि २०४.५ च्या पुढे अत्यंत जोरदार. ऑरेंज अलर्ट आला की मी पायथ्याचं सगळं काम बंद करते. रेड आला की वॉचमनची खोलीसुद्धा रिकामी, जर ती उताराखाली असेल तर. मुळात ती उताराखाली असूच नये, पण तीच जागा सपाट असते म्हणून खोली तिथेच बांधलेली असते. पहिल्या मोठ्या पावसानंतर गटारावरून चाला, तोंडाशी अडकलेल्या पिशव्या काढा, भेगेवरच्या सळया मोजा. पिशव्या काढणं हे हलकं काम म्हणून एकट्या पोराला पाठवतात. दोघांना पाठवा, आणि गटारात उतरून नाही, काठावरून आकड्याने.

गणपतीनंतर पाऊस ओसरला की ढीग कुठे किती बसला ते त्याच बांबूने आणि टेपने मोजा, खड्डे भरायला लागणाऱ्या मातीचे ब्रास काढा आणि तो आकडा घालून परवान्याचा अर्ज लिहा. दसरा तोवर आलेला असतो.